किल्ली कोणाची आणि हात कोणाचा?

आमच्या लहानपणीं आमच्या घरांत चौदा माणसें एका चुलीवर जेवीत. ओटीवर गांवांतील कोणीहि येऊन बसावें, माजघरांत नात्यागोत्याच्या माणसांनीं वावरावें. परंतु कोठीच्या खोलींत पाऊल टाकावयाचें तर आजीला विचारल्यावांचून सोय नसे. तूप, गूळ, वर्षाचें धान्य, दागिन्यांची पेटी आणि जमाखर्चाच्या वह्या ह्या सर्वांस मिळून कुलूप एक होतें, आणि त्याची किल्ली आजीच्या कमरेला असे. आजीमागें ती आईकडे आली. कोठींतील जिन्नस उणा झाला तर घरांत एकच न्याय चाले: किल्ली जिची, जबाब तिचा. ह्या न्यायांत कांहीं खोट असेल अशी शंका आम्हांस पन्नाशीपर्यंत कधीं शिवली नाहीं.

२००९ सालच्या उन्हाळ्यांत हाच न्याय आम्हीं एका माणसास लाविला, आणि त्याची नोकरी गेली. पुढें सात-आठ महिन्यांनीं आम्हांस कळलें कीं, ज्या जातीच्या कुलपाच्या भरंवशावर आम्हीं तो निवाडा दिला, तें कुलूप सोळा वर्षांहून अधिक काळ किल्लीवांचून उघडण्याजोगें होतें.

तें कुलूप लोखंडाचें नव्हे, संगणकाचें. विषय यंत्राचा आहे एवढ्यावरून वडील मंडळींनीं पान उलटूं नये, अशी आमची विनंति आहे. आम्हीहि यंत्रशास्त्र शिकलेले नाहीं. जन्मभर मुलांकडून शब्द चालवून घेतले. परंतु जी गोष्ट येथें सांगावयाची आहे ती यंत्राइतकीच घराची आणि न्यायाची आहे.

चौकशी

आम्ही त्या वेळीं एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. शाळेच्या कचेरींत एक संगणक होता आणि त्यावर विंडोज एक्स. पी. ही ऑपरेटिंग सिस्टिम चाले. यंत्र एकच असलें तरी वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाचें खातें वेगळें केलेलें होतें. प्रधान खातें, ज्याला यंत्राच्या भाषेंत ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात, तें कारकुनाकडे असे. त्याचा पासवर्ड त्याच्याखेरीज कोणास ठाऊक नव्हता. आम्हां शिक्षकांसाठीं, आणि गुण भरण्यास मदत करणाऱ्या वरच्या वर्गांतील दोन-तीन मुलांसाठीं, साधीं खातीं होतीं. साध्या खात्यांतून गुण भरतां येत. पण तपासून एकदां बंद केलेला निकाल बदलणें प्रधान खात्यावांचून होत नसे.

वार्षिक निकाल लागला तेव्हां नववीच्या तिघां मुलांचे गणिताचे गुण उत्तरपत्रिकांशीं जुळेनात. बंद केलेल्या निकालांत ते मागाहून वाढविलेले होते, आणि यंत्राच्या नोंदींत नांव होतें प्रधान खात्याचें. तिघांची चौकशी-समिति नेमली गेली. थोडाबहुत तर्कसंग्रह पढलेले म्हणून अहवाल लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें.

कारकुनाचा जबाब दोन वाक्यांचा होता. "पासवर्ड मीं कोणाला सांगितलेला नाहीं. गुणांना मीं हात लावलेला नाहीं."

आम्हीं म्हटलें, "अहो, ह्यांतलें एकच खरें असूं शकेल. पासवर्ड कोणाला दिला नसेल तर बदल तुम्हींच केला. तुम्हीं केला नसेल तर पासवर्ड कोणाला दिला तें सांगा."

तो म्हणाला, "गुरुजी, दोन्ही खरीं आहेत."

आम्हांस तो हटवादीपणा वाटला. अहवालाच्या शेवटीं आम्हीं लिहिलें, "आरोप सिद्ध झाला." पंधरा वर्षें नोकरी केलेल्या त्या माणसानें दुसऱ्याच दिवशीं राजीनामा दिला, आणि तो तालुक्याच्या गांवीं एका किराणा दुकानांत हिशेब लिहूं लागला.

वाड्याची रचना

२०१० च्या जानेवारीअखेर आमचा पुतण्या पुण्याहून घरीं आला. तो संगणकाच्याच धंद्यांत आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर शाळेची गोष्ट निघाली. सर्व ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, त्या माणसाचीं दोन्ही वाक्यें खरीं असूं शकतात, हा पक्ष तुम्हीं विचारांत घेतलाच नाहीं काय?" आणि नुकतीच उघडकीस आलेली एक हकीकत त्यानें सांगितली. ती समजून घेण्यास आम्हांस बरेच दिवस लागले. जेवढी नीट समजली तेवढीच येथें मांडतों.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणता प्रोग्रॅम केव्हां चालावा, कोणास किती जागा द्यावी, कोणती फाइल कोणीं उघडावी, हें सर्व तो पाहतो. त्याचा जो आंतला गाभा, त्याला कर्नल म्हणतात. कर्नलला यंत्रांत कोणतीहि गोष्ट निषिद्ध नाहीं. म्हणून त्याच्या जागीं दुसरा कोणी जाऊन बसूं नये ह्यासाठीं यंत्रांतच उंबरठे घातलेले असतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या विद्यापीठांत १९६० नंतरच्या दशकांत मल्टिक्स नांवाची जी सिस्टिम रचली जाऊं लागली, तिच्यांत अधिकाराचीं अशीं एकांत एक वर्तुळें होतीं. पुढें इंटेल कंपनीनें १९८५ सालीं ८०३८६ हा प्रोसेसर काढला, त्यांतहि शून्यापासून तीनपर्यंत चार वर्तुळें होतीं. विंडोज एन. टी. ही सिस्टिम त्यांपैकीं दोनच वापरी: सर्वांत आंतलें शून्य क्रमांकाचें कर्नलसाठीं, आणि सर्वांत बाहेरचें तिसरें इतर सर्व प्रोग्रॅमांसाठीं.

वाचकांनीं आपला वाडा डोळ्यांपुढें आणावा. तिसरें वर्तुळ म्हणजे ओटी, शून्य म्हणजे कोठीची खोली. ओटीवरच्या माणसास कोठींतलें कांहीं हवें असेल तर त्यानें दारांत उभें राहून मागावें. आंतल्यानें त्याचा अधिकार पाहून द्यावें किंवा नाकारावें. त्यानें स्वतः आंत जावयाचें नाहीं.

आतां वाड्यावर संकट दोन प्रकारांनीं येतें. एक बाहेरचा दरोडेखोर. तो आधीं दिंडी-दरवाजा फोडतो. दुसरा प्रकार निराळा. माणूस घरांतलाच असतो, ओटीवर बसण्याचा त्याला हक्कच असतो, त्याला दरवाजा फोडावा लागत नाहीं. तो फक्त ओटीवरून, कोणास न विचारतां, कोठींत पोंचतो. संगणकाच्या शास्त्रांत ह्या दुसऱ्या प्रकारास लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन असें नांव आहे. आम्ही त्याला अधिकारवृद्धि म्हणूं. साध्या खात्याचा धनी प्रधानाचा पासवर्ड न चोरतां, न विचारतां, न ओळखतां, प्रधानाच्याहि वर जाऊन बसतो.

जुन्या पाहुण्याची खोली

विंडोज एन. टी. ची पहिली आवृत्ति २७ जुलै १९९३ रोजीं निघाली. डेव्हिड कटलर ह्या नामांकित तज्ज्ञास मायक्रोसॉफ्टनें १९८८ सालीं मुद्दाम बोलावून आणलें होतें, आणि त्याच्या हाताखालीं ही सिस्टिम नव्यानें रचली गेली. उंबरठे, खातीं, अधिकार हें सर्व तिच्यांत आरंभापासून विचारपूर्वक घातलेलें होतें. पुढील विंडोज २०००, एक्स. पी., व्हिस्टा आणि सेव्हन ह्या तिच्याच पिढ्या होत.

पण नवा वाडा बांधला तरी जुने पाहुणे येतच असतात. त्या काळीं लोकांचे हिशेब, पत्रें, याद्या एम. एस. डॉस ह्या जुन्या सिस्टिमवरच्या सोळा-बिटी प्रोग्रॅमांत होत्या. ते प्रोग्रॅम ज्या काळीं लिहिले गेले त्या काळीं घरांत भिंतीच नव्हत्या. जो आला तो सरळ कोठींत जाऊन हवें तें घेई. अशा पाहुण्यास नव्या वाड्यांत मोकळें सोडणें शक्य नाहीं, आणि त्याला दारांतून परत लावलें तर गिऱ्हाईक नवा वाडा घेणार नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं एक निराळी खोली केली गेली. तिच्यांत सर्व मांडणी जुन्या घरासारखी होती. पाहुण्यास वाटावें कीं आपण आपल्याच काळांत आहों. ८०३८६ प्रोसेसरांत अशा खोलीची सोय मुळांतच होती. तिला व्हर्चुअल ८०८६ पद्धति म्हणतात, आणि विंडोजमधील जो भाग ही खोली सांभाळी त्याचें नांव एन. टी. व्ही. डी. एम.

ह्या पाहुण्याची आणखी एक संवय होती. तो मधून मधून यंत्राच्या बायॉस नांवाच्या अगदीं तळच्या सेवेस हांक मारी. ती हांक पुरविण्यासाठीं कर्नलला दोन टप्पे करावे लागत. पहिल्या टप्प्यांत तो आपलें चाललेलें काम जेथल्या तेथें ठेवून, कोठें थांबलों त्याची खूण करून, पाहुण्याच्या खोलींत जाई. सेवा संपली कीं एका ठराविक जागीं मुद्दाम एक अडखळ येई. त्या अडखळीच्या ठिकाणावरून कर्नल ओळखी कीं हा दुसरा टप्पा, आणि खुणेवरून आपलें अर्धवट राहिलेलें काम पुन्हां हातीं घेई.

घरच्या भाषेंत सांगावयाचें तर असें: कोठींतून एक माणूस कामास बाहेर धाडिला. तो परत येईल तेव्हां अमुक पायरीवर अडखळेल आणि अमुक खूण दाखवील, हें ठरलेलें. राखणदारानें खूण पाहावी आणि त्यास आंत घ्यावें. राखणदार एवढें धरून चालतो कीं, ही खूण घेऊन येणारा आपणच धाडलेला माणूस आहे.

तीन गृहीत गोष्टी

हें धरून चालणेंच घातक ठरलें. गूगल कंपनींत काम करणारा टॅव्हिस ऑर्मंडी नांवाचा संशोधक ह्या राखणदाराच्या मागें लागला, आणि त्याला आढळलें कीं राखणदाराची सर्व भिस्त तीन गृहीत गोष्टींवर आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, जुन्या पाहुण्याची खोली मांडून घेण्यास विशेष अधिकार लागतो. तो साध्या माणसाजवळ नसतो. हें अक्षरशः खरें होतें, पण व्यवहारांत फोल. कोणत्याहि साध्या खात्यानें एखादा जुना प्रोग्रॅम चालविला कीं कर्नल स्वतःच ती खोली मांडून देई. आणि त्या खोलीचा यजमान तोच साधा माणूस असल्यामुळें, आंत आपलीं आज्ञावाक्यें घुसविणें त्यास कठीण नव्हतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, बाहेरच्या वर्तुळांतील प्रोग्रॅमास आपल्या जागेचा क्रमांक मनास येईल तसा लिहितां येत नाहीं, कारण त्या क्रमांकाच्या शेवटच्या दोन बिटांत अधिकाराचें वर्तुळ लिहिलेलें असतें आणि त्यावर प्रोसेसरचा पहारा असतो. हेंहि खरें, पण जुन्या पाहुण्याच्या खोलींत त्याच क्रमांकाचा अर्थ निराळा होतो. तेथें तो नुसता पत्त्याचा भाग असतो, आणि त्यावर पहारा नसतो. त्या खोलींत बसून कोणताहि क्रमांक लिहितां येई.

तिसरी गोष्ट अशी कीं, अडखळ आली असतां कर्नल जो कागद लिहून घेतो, ज्यावर कोण, कोठें आणि कोणत्या स्थितींत अडखळला हें असतें, तो बाहेरच्यास बनावट करतां येत नाहीं. ऑर्मंडीनें दाखविलें कीं, कर्नल बाहेर परत जाण्याच्या ऐन क्षणीं त्याला मुद्दाम विपरीत स्थिति दिली, तर तो कागदहि बाहेरच्याच्या मनाजोगता लिहिला जातो.

तिन्ही गोष्टी ढांसळल्यावर राहिलें काय? ओटीवरचा माणूस ठरलेल्या पायरीवर अडखळला, त्यानें बनावट खूण दाखविली, आणि राखणदारानें "आपलाच माणूस परत आला" असें समजून त्यास आदरानें कोठींत नेऊन बसविलें. कुलूप फुटलें नाहीं. किल्ली हरवली नाहीं. पासवर्ड कोणीं कोणास सांगितला नाहीं.

ही चूक १९९३ च्या पहिल्या आवृत्तीपासून विंडोज सेव्हनपर्यंतच्या सर्व बत्तीस-बिटी पिढ्यांत होती. चौसष्ट-बिटी आवृत्त्यांत मात्र नव्हती, कारण त्यांत जुन्या पाहुण्याची ती खोलीच ठेवलेली नव्हती.

आमचा पुतण्या हें सांगत असतां आम्हांस आपला अहवाल आठवत होता. न्यायशास्त्रांत सव्यभिचार नांवाचा एक हेत्वाभास आहे. धूर दिसला असतां अग्नीचें अनुमान बरोबर. पण अग्नि दिसला म्हणून धुराचें अनुमान केलें तर तें फसतें, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो आणि धूर नसतो. हा दाखला आम्हीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतला असेल. आणि आम्हींच लिहिलें होतें कीं, प्रधानाच्या अधिकारानें बदल झाला, म्हणून तो प्रधानाचा पासवर्ड जाणणाऱ्यानेंच केला. राखणदारानें खूण पाहून माणूस आंत घेतला. आम्हीं खूण पाहून माणूस बाहेर काढला. चूक एकाच जातीची होती.

दुरुस्ती आणि दुसरा आळ

ऑर्मंडीनें ही चूक मायक्रोसॉफ्टला १२ जून २००९ रोजीं कळविली. पत्र पोंचल्याचें उत्तर २२ जूनला आलें. सात महिने होत आले तरी दुरुस्ती निघाली नाहीं, तेव्हां १९ जानेवारी २०१० रोजीं त्यानें सर्व प्रकार जगापुढें मांडला. तात्पुरता उपाय सोपा आहे, जुन्या प्रोग्रॅमांची खोली बंद करावी म्हणजे झालें, तो लोकांस कळावा हेंच त्यांच्या हिताचें, असें त्याचें म्हणणें होतें. दुसऱ्याच दिवशीं मायक्रोसॉफ्टनें सूचनापत्रक काढलें, आणि ९ फेब्रुवारीस दुरुस्ती दिली.

त्याचें हें करणें योग्य कीं अयोग्य ह्यावर तज्ज्ञांत दोन पक्ष आहेत. दुरुस्तीपूर्वीं भेद फोडला तर चोरांस वाट दाखविल्यासारखें होतें, असें एक पक्ष म्हणतो. भेद झांकून ठेवला तर दुरुस्तीची घाई कोणासच राहत नाहीं, आणि चोरांस तो आधींच ठाऊक नसेल ह्याची हमी काय, असें दुसरा म्हणतो. आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसतें. पण ज्यांच्यावर आळ आलेला असतो त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर, कुलूप कच्चें आहे हें चारचौघांस कळणें हाच त्यांचा एकमेव साक्षीदार असतो, हें विसरून चालत नाहीं.

दुरुस्तीनंतर जें घडलें तें तर बोधकथेंत शोभावें असें आहे. ती बसवितांच कित्येकांचीं यंत्रें, विशेषतः एक्स. पी. वालीं, निळा पडदा दाखवून बंद पडूं लागलीं. पुन्हां सुरू करावें तों पुन्हां निळा पडदा. जिकडे तिकडे ओरड झाली कीं, दुरुस्तीनें चांगलीं यंत्रें बिघडविलीं. मायक्रोसॉफ्टनें ११ फेब्रुवारीस ती दुरुस्ती आपोआप पोंचविणें थांबविलें आणि शोध चालविला. आठवड्याभरांत निष्कर्ष निघाला तो असा: जीं यंत्रें बंद पडत होतीं त्यांत आधींपासूनच चोर बसलेला होता. अल्युरिऑन नांवाची एक छुपी घातकी आज्ञावलि कर्नलच्या पोटांत दडून होती. कर्नलमधील कोणती वस्तु किती पावलांवर आहे हें तिनें जुन्या मोजमापानें पाठ केलेलें होतें. दुरुस्तीनें आंतली मांडणी किंचित् हालली. चोर अंधारांत संवयीनें पाऊल टाकावयास गेला आणि खड्ड्यांत पडला, व त्याच्याबरोबर सबंध यंत्रहि पडलें. जेथें चोर नव्हता तेथें हा प्रकार घडला नाहीं. मार्च महिन्यांत, आधीं चोर आहे कीं नाहीं हें तपासून मग बसणारी अशी सोय करून, दुरुस्ती पुन्हां सुरू झाली.

येथेंहि लोकांनीं आम्हांसारखेंच केलें. जो डोळ्यांपुढें होता, जो शेवटचा घरांत आला होता, त्याच्यावर बोट ठेवलें. जो न दिसतां कित्येक दिवस घरांत राहत होता त्याचें नांव कोणास सुचलें नाहीं.

घरोघरीं काय करावें

आमच्या वाचकांच्या घरांत आतां यंत्रें आहेत, आणि एकत्र कुटुंबांत एकच यंत्र चार हातांतून जातें. म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे.

प्रत्येकाचें खातें निराळें असावें, आणि ज्याला जेवढा अधिकार कामापुरता लागतो तेवढाच द्यावा. हें आमचें मत नव्हे. सॉल्टझर आणि श्रोडर ह्या दोन विद्वानांनीं १९७५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत सांगितलेल्या तत्त्वांपैकीं हें एक आहे. घरांतील कर्त्या पुरुषानेंहि रोजचीं पत्रें आणि वर्तमानपत्रें साध्या खात्यांतूनच पाहावीं. किल्ल्यांचा जुडगा सारा दिवस हातांत खेळविणारा कारभारी शहाणा नव्हे.

दुरुस्त्या येतील तशा बसवाव्या. ज्या सिस्टिमला दुरुस्त्या येणें बंद झालें, ती जुन्या लोभानें इंटरनेटला जोडून ठेवूं नये. मायक्रोसॉफ्टनें एक्स. पी. चा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजीं, सेव्हनचा १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि विंडोज टेनचा नेहमींचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. २०२१ सालीं निघालेल्या विंडोज इलेव्हनची तर बत्तीस-बिटी आवृत्तिच नाहीं. म्हणजे जुन्या पाहुण्याची ती खोली तेथें उरलेलीच नाहीं. जुना प्रोग्रॅम ज्यांस सोडवत नसेल, त्यांनीं तो इंटरनेटपासून तोडलेल्या वेगळ्या यंत्रावर चालवावा. जुन्या पाहुण्याचा अनादर करूं नये. पण त्याच्या खोलीचें दार कोठें उघडतें तें पाहून ठेवावें.

कोणीं दिलेला अनोळखी प्रोग्रॅम साध्या खात्यांत चालविला म्हणून भय नाहीं, असेंहि समजूं नये. अधिकारवृद्धीचें सारें मर्म हेंच कीं, ती साध्या खात्यांतूनच सुरू होते.

आणि शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे. नोंदींत एखाद्याचें नांव दिसलें तर ती चौकशीची सुरुवात समजावी, शेवट समजूं नये.

अहवालांतील एक शब्द

आमच्या शाळेंत कोणी हेंच छिद्र वापरलें, असें आम्ही म्हणत नाहीं. २००९ च्या उन्हाळ्यांत तें प्रसिद्ध झालेलें नव्हतें, आणि नववी-दहावीच्या मुलांना तें सुचेल असेंहि वाटत नाहीं. पण पुतण्यानें दाखविलें कीं, यंत्र ज्याच्यापुढें एकांतांत उभें आहे त्याला इतर वाटा होत्याच: दुसऱ्या तबकडीवरून यंत्र सुरू केलें कीं, मूळ राखणदार झोपेंतच राहतो आणि आंतल्या फायली उघड्या पडतात. शाळेची कचेरी दुपारीं कुलुपावांचून असे, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. पासवर्डावांचून तेथें पोंचतां येत नाहीं, ह्या एका वाक्यावर आमचा सारा निवाडा उभा होता, आणि तें वाक्य आम्हीं कोणालाहि विचारून तपासलेलें नव्हतें. कारकून निर्दोष आहे हें सिद्ध झालें नाहीं. आमचा पुरावा पुरावा नव्हता, एवढेंच सिद्ध झालें. पण आरोप आम्हीं केला होता, त्यानें नव्हे. सिद्ध करण्याचें ओझें आमच्यावर होतें.

पुतण्या परत गेल्यावर आम्ही दोन रात्री नीट झोंपलों नाहीं. नंतर समितीच्या उरलेल्या दोघांना भेटलों. एकानें म्हटलें, "झालें गेलें, आतां कशाला उकरून काढतां?" आम्हीं म्हटलें, "अहवालावर अक्षर आमचें आहे." शाळेला आम्हीं पत्र लिहिलें, आणि पुष्कळ दिवसांनीं अहवालास एक पुरवणी जोडली गेली. "आरोप सिद्ध झाला" ह्या शब्दांच्या जागीं "आरोप सिद्ध झाला नाहीं" असें तिच्यांत आलें. एका शब्दाचा फरक. पण तो करण्यास चौदा महिने लागले.

त्या पुरवणीची प्रत घेऊन आम्ही तालुक्याच्या गांवीं त्या दुकानांत गेलों. दुकानांत गिऱ्हाइकें होतीं. त्यानें कागद वाचला, घडी घालून खिशांत ठेविला, आणि विचारलें, "गुरुजी, चहा घेणार ना?" चहा आला. आम्हीं क्षमा मागितली. तो म्हणाला, "आतां नोकरीवर परत नाहीं येणार मी. पण घरीं दाखवायला हा कागद हवा होता." त्यानंतर तो हिशेबाच्या वहीकडे वळला, आणि आम्ही निघालों.

२०१३ सालच्या वैशाखांत आमच्या घरीं एक लग्नपत्रिका आली. त्याच्या मुलीचें लग्न होतें. पाकिटावर आमचें नांव आणि पत्ता त्याच्या हातचा, निकालपत्रकावर असे तशाच वळणदार अक्षरांत. आम्ही सहकुटुंब गेलों. पंगतींत त्यानें स्वतः आम्हांस आग्रह करून वाढलें. त्या दिवशींहि त्या विषयाचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं, आणि आमच्याहि नाहीं.

आमच्या घरांतील कोठीची ती जुनी किल्ली अजून आहे. कुलूप केव्हांच गेलें. पण घरांत कांहीं हरवलें आणि कोणीं "किल्ली कोणाकडे होती?" असें विचारलें, तर आम्ही आधीं उठून दार पाहतों.